छान माहिती दिलीत, इथे पाहा

१

रोज सकाळी सात वाजता फूटपट्टीकाका कचरा काढायला बसत. घरातला केर त्यांची मोठी बहीण अक्का काढायची, त्याला ती कोणाला हात लावू देत नसे. काकांचा कचरा संगणकावरचा होता.

घरदुरुस्तीवरच्या एका ऑनलाइन फोरमचे ते मॉडरेटर होते. भिंतीची ओल, नळाची गळती, दाराची कुरकुर, छताची भेग, अशा घराच्या हरतऱ्हेच्या दुखण्यांवर तिथे चर्चा चाले. कोणीतरी प्रश्न विचारून धागा सुरू करायचा, आणि मग ज्याला कळतं तो आणि ज्याला काडीचं कळत नाही तोही, असे सगळे खाली प्रतिसाद देत सुटायचे. काकांची नोकरी घरांचे नकाशे काढण्यात आणि तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर डोक्याला काहीतरी चाळा हवा म्हणून ते या फोरमवर आले, 'फूटपट्टी' असं नाव घेतलं, आणि वर्षभरात वयाचा मान म्हणून त्याला 'काका' चिकटलं ते चिकटलंच.

रात्रीतून फोरमवर तीस-चाळीस स्पॅम साचत. बूट, वजन उतरवायची पावडर, केस उगवणारं तेल, घरबसल्या कमाई. सगळ्यांची चाल एकच. आधी कौतुकाच्या दोन ओळी, 'खूप छान माहिती दिलीत, पुष्कळांना उपयोग होईल', आणि खाली निळ्या अक्षरांत लिंक, 'इथे पाहा'. हे कोणी माणूस बसून लिहीत नसे. कुठलातरी प्रोग्रॅम एका दमात हजार ठिकाणी तेच चिकटवून पुढे जाई. काका खूण करायचे, पुसायचे, तो आयडी कायमचा बंद करायचे. आठ वाजता अक्का चहा घेऊन येईपर्यंत फोरम लख्ख झालेला असे.

बाकीचे मॉडरेटर असला मजकूर एकगठ्ठा उडवत. काका मात्र एकेक वाचत. दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका हुडकण्यात हयात गेलेल्या माणसाला न वाचता पुसणं जिवावर येतं.

म्हणूनच तो एक त्यांच्या नजरेला पडला. बाथरूमच्या फरश्यांच्या फटी कशाने भराव्यात, अशा एका जुन्या धाग्याच्या तळाशी कोणा नव्या आयडीने लिहिलं होतं:

'जिन्याच्या सातव्या पायरीबद्दल छान माहिती दिलीत. आमचीही अशीच गरम लागायची. आता लागत नाही. इथे पाहा.'

काकांनी धागा वरून खालपर्यंत चाळला. जिन्याचा कुठे उल्लेख नव्हता. त्यांनी खूण केली, पुसलं, आयडी बंद केला. ती गरम पायरी मात्र दिवसभर डोक्यात घोळत राहिली. पायरी हलते, वाजते, ओली होते, खचते. गरम लागणारी पायरी त्यांनी आजवर ऐकली नव्हती.

२

पाच दिवसांनी बेकरीवाल्याचा नवा धागा आला. बेकरीवाला फोरमचा जुना सदस्य, खुशालचेंडू माणूस, दर आठवड्याला काहीतरी बिघडवून घेऊन यायचा.

'मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. आमच्या घरातल्या जिन्याची सातवी पायरी अनवाणी पायाला गरम लागते. फक्त सातवी. खालून पाइप नाही, वायर नाही, आणि माझी भट्टी दोन गल्ल्या सोडून दुकानात आहे. काय असेल?'

सोबत जिन्याचा फोटो होता. लाकडी जिना, एका बाजूला कठडा, सातव्या पायरीवर खडूची फुली. खाली हसायचं ते लोक हसलेच होते. एकाने त्या पायरीवर पाव भाजून बघायला सांगितलं होतं.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग फोरमची कचरापेटी उघडली. पुसलेला मजकूर तिथे महिनाभर पडून राहतो. फरश्यांच्या धाग्यावरचा तो प्रतिसाद तिथे होता, आणि त्यावर तारीख पाच दिवसांपूर्वीचीच होती.

त्यांनी बेकरीवाल्याला व्यनि केला, म्हणजे इतरांना न दिसणारा व्यक्तिगत निरोप. 'हा प्रश्न आधी दुसऱ्या कुठल्या फोरमवर विचारला होतात का?'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'छे हो काका. मला कालच जाणवलं. बायकोलासुद्धा बोललो नाही अजून, उगाच घाबरेल. का हो?'

काकांनी 'सहज' असं लिहिलं. लिहिताना त्यांना वाटलं, सहज हा शब्द आपण उगाच वापरला.

३

दुसरी मॉडरेटर लांबच्या एका शहरात इलेक्ट्रिशियन होती. नाव 'वायरमन'. बाई असून वायरमन का, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, शॉक लागताना करंट विचारत नाही बाई का पुरुष. काका आणि ती आठवड्यातून एकदा फोनवर बोलत. प्रत्यक्षात भेट कधी झाली नव्हती.

"योगायोग आहे, काका," ती म्हणाली. मागून कुठेतरी ड्रिल चालू होतं. "हे प्रोग्रॅम इकडून-तिकडून वाक्यं उचलतात आणि जोडतात. लाख वाक्यं फेकली की एक लागायचंच."

"सातवी. आणि गरम."

"बरं, मग बेकरीवाला विसरला असेल. दुसरीकडे विचारलं असेल आणि आता आठवत नसेल."

"त्याला कालच जाणवलंय."

ड्रिल थांबलं. "लिंक उघडलीत का तुम्ही?"

"मी कधीच उघडत नाही. आपलाच नियम आहे."

"माझ्याकडे एक भंगार लॅपटॉप आहे, बिघडला तरी फिकीर नाही. त्यावर बघते. पाठवा."

तासाभराने तिचा फोन आला. आवाजात थोडी निराशा होती, जास्त काही नव्हतं.

"काही नाही हो. एक फोटो आहे. जिन्याचा."

"कसला जिना?"

"साधा. लाकडी, एका बाजूला कठडा. खाली काही लिहिलेलं नाही. विकायला काही नाही, फॉर्म नाही, फोन नंबर नाही. तेच जरा चमत्कारिक वाटलं. एवढा खटाटोप करायचा आणि विकायचं काहीच नाही." मग हसून म्हणाली, "तुम्ही विचारणार म्हणून पायऱ्या मोजून ठेवल्यात. तेरा."

फोन ठेवल्यावर काकांनी बेकरीवाल्याचा फोटो मोठा करून पाहिला. पेन्सिलचं टोक पडद्यावर टेकवत, एकेक करत, त्यांनी दोनदा मोजलं. चौदा.

४

त्यानंतर काकांनी एक वही केली. डाव्या पानावर असला स्पॅम, उजव्या पानावर नंतर आलेला प्रश्न. महिन्याभरात सहा जोड्या जमल्या. मधलं अंतर कधी तीन दिवसांचं, कधी आठ दिवसांचं, पण उत्तर नेहमी आधी आणि प्रश्न मागून.

कोणा नर्सच्या खिडकीची सगळी तावदानं हिवाळ्यात धुरकट होत, एक सोडून. कोणा निवृत्त शिक्षकाच्या कपाटामागच्या फळीवर आतून हलकी थाप पडायची, आणि कपाट तर बाहेरच्या भिंतीला लागून होतं. एकाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या भोकातून वारा आत यायच्या ऐवजी खोलीतली हवा त्यात ओढली जायची. अशा बारीकसारीक गोष्टी होत्या. एकट्याने पाहिल्या तर मिस्त्री बोलावून मिटतील अशा.

काकांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. आपण शोधतो म्हणून सापडतं, हे त्यांना कळत होतं. रोज चाळीस वाचायचे आणि त्यातला एखादा जुळला की तेवढाच लक्षात ठेवायचा, बाकीचे एकोणचाळीस विसरायचे. माणूस असाच फसतो. म्हणून त्यांनी न जुळणारेही लिहून काढायला घेतले. पण केसांच्या तेलाच्या जाहिराती वेगळ्या आणि ही निळी ओळ वेगळी, हे वहीत आणखीच उठून दिसायला लागलं.

मग एका सकाळी बेकरीवाल्याच्या धाग्यावर खुद्द बेकरीवाल्याचा प्रतिसाद दिसला.

'पायरीचा प्रश्न सुटला. सर्वांचे आभार. इथे पाहा.'

खाली लिंक होती.

नियमाप्रमाणे तो स्पॅम होता. काकांनी पुसला, पण आयडी बंद करायला हात धजेना. बेकरीवाल्याने मागे एकदा आपला फोन नंबर दिला होता. काकांनी तो लावला. दुकानात कणीक मळायचं यंत्र घरघरत होतं.

"काका, आज इकडे कसे वळलात?" आवाज नेहमीचाच, मोकळा.

"तुमच्या पायरीचं काय झालं, ते विचारायचं होतं."

"कुठली पायरी?"

"सातवी. गरम लागायची ती. तुम्ही फुली मारून फोटो टाकला होतात."

यंत्राची घरघर चालू राहिली. "आमच्या जिन्याला काही झालेलं नाही, काका. चांगला दणकट आहे. तेरा पायऱ्या, एकही हलत नाही."

"चौदा."

"तेरा हो. पहिल्यापासून तेराच." मग, आवाज न बदलता, तो म्हणाला, "पण तुम्ही आवर्जून विचारलंत, छान केलंत. पुष्कळांना उपयोग होईल."

काकांनी फोन खाली ठेवला. फोरमवर तो धागा अजून होता, फोटोही होता. चौदा पायऱ्या आणि खडूची फुली. त्यांनी फोटो उतरवून आपल्याकडे ठेवला. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वायरमनला फोन करायचं त्यांनी दोनदा ठरवलं आणि दोन्हीदा टाळलं. सांगायचं काय, बेकरीवाला सभ्यपणे बोलला, हे?

५

अक्का काकांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. ऐन तारुण्यात ती एका कचेरीत टायपिस्ट होती, आणि बोटांचा वेग असा की साहेब सांगता सांगता दमायचे. पस्तिशीत तिला एक ताप आला. ताप उतरला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हापासून ती मोठ्याने, एका पट्टीत बोले, आणि समोरच्याचं ओठांवरून किंवा लिहून समजून घेई. काकांनी लग्न केलं नाही, त्यामागे अक्का हे कारण होतं असं नातेवाईक म्हणत. काकांच्या मते ते कारण नव्हतं, निमित्त होतं. दोघांचं चांगलं चाललं होतं. काकांनी तिला एक टॅब्लेट घेऊन दिला होता. त्यावर ती शब्दकोडी सोडवायची, आणि काका पलीकडच्या खोलीतून त्यावरच तिला निरोप पाठवायचे, 'चहा?' तिचं उत्तर मोठ्याने, घरभर ऐकू जाईल असं यायचं, "ठेवलाय!"

त्याच सुमारास एका सकाळी जेवणाच्या टेबलाशी ती म्हणाली, "मला काहीतरी ऐकू येतं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने भाजीची सुरी खाली ठेवली होती.

"कधी?" त्यांनी ओठ हलवून विचारलं.

"सकाळी. उठल्यावर थोड्या वेळाने येतं, मग जातं. लांबून येतं, पण घरातूनच."

"कसलं?"

तिने टेबलावर बोटं वाजवून दाखवली. टक, टकटक, थांबा, टक. त्यात ताल नव्हता. काका बराच वेळ तिच्या बोटांकडे पाहत राहिले. चाळीस वर्षांनी बहिणीला काही ऐकू आलं याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि का झाला नाही हे त्यांना नीट उमजलं नाही.

ते तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी अक्काला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि आवाज वाढवत नेले. शेवटी शेवटी तो बाहेर बसलेल्या काकांनाही ऐकू यायला लागला. अक्का शांतपणे भिंतीकडे बघत होती.

"काही फरक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही कान पूर्ण गेलेले आहेत. असे भास होतात कधीकधी. मेंदू जुनं काहीतरी उकरून काढतो. घाबरायचं कारण नाही."

अक्काला काकांनी हे लिहून दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "भास असेल तर घराबाहेरही झाला असता. मला फक्त घरात होतो."

६

दुसऱ्या दिवशीच्या कचऱ्यात ते होतं. गच्चीच्या गळतीच्या धाग्यावर, तिसऱ्या पानाच्या तळाशी.

'सकाळच्या आवाजाबद्दल छान माहिती दिलीत. आमच्याकडेही सात ते आठ यायचा. आता समोरची खोली मोकळी आहे. इथे पाहा.'

काका ज्या खोलीत बसले होते ती समोरची खोली होती. पण समोरची खोली घरोघर असते. सकाळी सात ते आठ घरोघर आवाज होतात. त्यांनी खूण केली. पुसण्याआधी मजकूर वहीच्या डाव्या पानावर उतरवून घेतला, अक्षर नेहमीसारखंच नीट आलं. मग पुसला, आयडी बंद केला. उजवं पान कोरं राहिलं.

त्या पानाकडे पाहताना त्यांना एक सरळ विचार सुचला. उत्तर आधी येतं, प्रश्न मागून येतो. पण प्रश्न तर माणूस विचारतो. विचारलाच नाही तर? हा प्रश्न आपल्या घरातला असेल तर तो विचारणारे आपणच, आणि आपण तो कधीही फोरमवर टाकणार नाही. तिथेच साखळी तुटेल. त्यांना बरंच हलकं वाटलं.

त्या आठवड्यात त्यांनी आवाज स्वतः हुडकायचा ठरवला. टाकीचा नळ, फ्रीजची मोटर, खिडकीची कडी, सगळं तपासलं. पाइपला कान लावून बसले. अक्का मागून येऊन विचारायची, "सापडला?" काका मान हलवायचे. शोध दुपारी चालायचा, कारण सकाळी सात ते आठ त्यांना सवड नसे.

एका सकाळी वीज गेली. संगणक बंद, म्हणून काका पडून राहिले. आठ वाजता अक्का म्हणाली, "आज नाही आला बरं का." काकांनी ते ऐकलं, आणि उठून दाढी करायला गेले. आरशात बघताना काहीतरी जुळवायचं राहिलंय असं त्यांना वाटलं. मग वीज आली, आणि साचलेला कचरा काढायला ते बसले.

७

पुढचे बदल इतके लहान होते की काकांनी ते वहीत लिहिले नाहीत.

आठचा चहा यायचा थांबला. काका स्वयंपाकघरात गेले तर अक्का आपला कप घेऊन बसलेली होती. त्यांना पाहून ती दचकली. "अगंबाई, तू होय," असं म्हणून उठली आणि तिने दुसरा कप काढला. तिला वाईट वाटलेलं दिसलं. "वय झालं रे माझं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केर काढताना ती समोरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली, तिथेच थांबली आणि परत फिरली. काका खुर्चीत बसले होते. त्यांनी हात हलवला. ती आत बघत होती, डोळे बारीक करून, अंधाऱ्या खोलीत बघावं तशी. खिडकीतून ऊन आत आलेलं होतं.

त्यांनी वायरमनला फोन लावला.

"तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, काका," सगळं ऐकून ती म्हणाली. "चार दिवस फोरम मी सांभाळते. त्या वहीला कुलूप लावा आणि अक्कांना घेऊन कुठेतरी जाऊन या."

"तू त्या लिंकवरचा जिना परत बघशील का? पायऱ्या मोजायला?"

"कुठला जिना?"

काकांनी वही जवळ ओढली आणि पानं उलटायला घेतली.

"अहो, गंमत केली," ती घाईने म्हणाली. "ती लिंक आता उघडत नाही. मी बघितलं होतं. खरंच सांगते, गंमत केली."

तिने गंमतच केली होती. तरी फोन ठेवल्यावर काका बराच वेळ तिचं ते वाक्य मनात उलटसुलट करत बसले.

चार दिवस सुट्टी घ्यायचं त्यांनी ठरवलं. उद्यापासून, आज एवढा कचरा काढू आणि मग अक्काला सांगू, असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचं बसले.

८

सात वाजून वीस मिनिटांनी नवा धागा आला. आयडी त्याच सकाळी घेतलेला होता. नाव 'मोठी बहीण'.

'नमस्कार. मी इथे नवीन आहे. एक अडचण विचारते. मला चाळीस वर्षं ऐकू येत नाही, डॉक्टरांनी नुकतंच तपासलं आहे. तरी रोज सकाळी सातला आमच्या समोरच्या खोलीतून टंकलेखनाचा आवाज येतो. मी पूर्वी टायपिस्ट होते, त्यामुळे आवाज ओळखण्यात चूक होणार नाही. चांगला वेग आहे, पण मधे मधे थांबून वाचल्यासारखं करतात. आत जाऊन पाहिलं तर खोलीत कोणी नसतं. मी या घरात एकटी असते. एकटीच असते असं मला वाटतं. हे मला आता सकाळी नक्की सांगता येत नाही. आत्ता लिहितानाही आवाज येतो आहे. काय करावं?'

काकांचे हात कळफलकावर होते. त्यांनी ते उचलले आणि मांडीवर ठेवले.

वाक्यरचना अक्काची होती. 'नुकतंच', 'वाचल्यासारखं करतात'. ते 'करतात' वाचून त्यांना विचित्र वाटलं. अनोळखी माणसाला द्यावा तसा तिने मान दिला होता.

अजून कोणी प्रतिसाद दिला नव्हता. मॉडरेटर म्हणून त्यांना तो धागा पुसता येत होता. पुसायला दोन कळा पुरत होत्या. त्यांना वाटलं, हे दोन ठोके तिला ऐकू जातील. मग त्यांनी खूण केली आणि पुसलं. धागा गेला. आयडी बंद करताना पडद्यावर नेहमीची चौकट आली: 'मोठी बहीण' या सदस्याला कायमचं बंद करायचं आहे का? काकांनी 'हो' दाबलं.

मग त्यांच्या ध्यानात आलं की धागा काय आणि प्रतिसाद काय, ते मॉडरेटरला दिसतात. व्यनि दिसत नाहीत. बेकरीवाल्याच्या धाग्यावरही, त्याने स्वतः टाकेपर्यंत, लिंक कोणी टाकली नव्हती. तरी ती त्याला मिळाली होती.

ते उठले. खुर्ची मागे सरकताना फरशीवर कर्कश वाजली.

९

अक्का स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर अर्धा कप चहा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही हातांत टॅब्लेट. तिची पाठ दाराकडे होती.

"अक्का," काका म्हणाले. ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही म्हणाले, माणूस म्हणतोच. मग ते तिच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

पडद्यावर एक निरोप उघडा होता. आवाजाबद्दल चांगलं विचारलंत, असं काहीतरी, तीन ओळी. खाली निळी ओळ. अक्काचं बोट तिच्यावर होतं, आणि काकांनी तिचं मनगट धरायला हात पुढे केला तोवर ते टेकलंही होतं.

फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी छताची कड. मग खिडकी, चार फूट बाय साडेतीन. ती काकांनी स्वतः मापून बसवून घेतली होती. मग पडदा, अक्काने शिवलेला. मग भिंत. जिथे टेबल होतं तिथे भिंत. जिथे पुस्तकांची फळी होती तिथे भिंत, एकाही खिळ्याचं भोक नसलेली, नीट रंगवलेली. फरशीवर ऊन पडलं होतं आणि ते सलग होतं, मधे कशाचीही सावली नव्हती. स्वच्छ, मोकळी, चांगली उजेडाची खोली होती ती. काका नकाशे काढणारे होते, त्यांना मानावंच लागलं की आहे त्यापेक्षा ती मोठी दिसत होती.

त्यांचा हात अक्काच्या मनगटावर होता. तिने मनगट हलवलं नाही. तिने फोटो पूर्ण उघडू दिला, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मान किंचित तिरपी केली, कान देऊन ऐकतात तशी.

"थांबला," ती मोठ्याने म्हणाली.

काका वाकून तिच्या समोर आले, तिला ओठ दिसावेत म्हणून. सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, त्यांनी तिला सांगायला सुरुवात केली की आपण कोण. अक्का त्यांच्या चेहऱ्याच्या दिशेने, पण पलीकडच्या भिंतीकडे बघावं तशी बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे इतकं हायसं वाटल्याचं समाधान होतं.

"सुटलं बाई एकदाचं," ती म्हणाली, आणि पडद्यावर बोट ठेवून, जुन्या सवयीच्या वेगाने, आभाराच्या दोन ओळी लिहायला लागली.